लहान मुलांसह वॉटर पार्क

नालासोपाऱ्याच्या कुटुंबांना जवळ पडते ते पारोळचे ग्रेट एस्केप. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून शिरसाड फाट्याला वळले की वज्रेश्वरीच्या रस्त्यावर पारोळ लागते. गोराईचे वॉटर किंगडम खाडीपलीकडे असल्याने लोकल, बस किंवा होडी असे टप्पे पडतात. लोकलने निघायचेच असेल, तर सकाळच्या चर्चगेटकडच्या गर्दीत लहान मूल घेऊन शिरू नये. रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही; पार्कात मात्र ते बहुधा उंचीवर ठरते. घरीच उंची मोजलेली बरी, म्हणजे कोणत्या घसरगुंड्या बंद हेही कळते.

दोन-तीन वर्षांच्या मुलाला मोठ्या घसरगुंड्यांचे आकर्षण नसतेच. गुडघाभर पाणी आणि वरून सांडणारी बादली त्याला पुरते. त्यामुळे दिवस त्याच्या झोपेभोवती आखावा: दार उघडताच आत, दुपारच्या झोपेआधी बाहेर.

मूल बुडते तेव्हा बहुधा आरडाओरडा होत नाही, आणि बुडायला वीतभर पाणीही पुरते. म्हणून एक मोठा माणूस कायम हाताच्या अंतरावर, मोबाईल बाजूला ठेवून असावा. दंडावर चढवायच्या हवेच्या पट्ट्यांवर भिस्त ठेवू नये. साधा डायपर पाणी शोषून फुगतो, पोहण्याचा वेगळा मिळतो. जुलाब झालेले मूल बरे झाल्यावरही काही दिवस पाण्यात नेऊ नये, कारण काही जंतू क्लोरीनलाही दाद देत नाहीत.