‘येस’ दाबण्याआधी: घरच्या संगणकाची मुख्य किल्ली कोणाकडे?

आपल्यापैकी अनेकांच्या घरी लॅपटॉप एकच असतो. त्यावर ताई महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरते, धाकटा भाऊ गेम खेळतो, बाबा बँकेचे व्यवहार बघतात. घरात कोणी कार्यकर्ता असेल, तर वर्गणीचा हिशोब, अभ्यासिकेतल्या मुलांची यादी, लोकांनी अर्ज भरण्यासाठी विश्वासाने दिलेले जातीचे दाखले आणि आधारच्या प्रतीही त्याच लॅपटॉपवर असतात. म्हणजे तो संगणक एका घराचा असला, तरी त्यातली माहिती अनेक घरांची असते.

अशा संगणकावर काम करताना मधूनच स्क्रीन काळवंडते आणि एक चौकट विचारते, ‘या ॲपला तुमच्या संगणकात बदल करू द्यायचे का?’ आपण न वाचताच ‘येस’ दाबतो. काही जण तर कटकट नको म्हणून ही चौकटच कायमची बंद करून टाकतात. पण ते ‘येस’ म्हणजे कोऱ्या कागदावर केलेली सही आहे. हे नीट समजून घेतले पाहिजे.

ही चौकट आली कुठून?

विंडोज एक्सपीच्या काळात घरच्या संगणकावरचे खाते बहुधा ॲडमिनिस्ट्रेटरचे, म्हणजे पूर्ण अधिकाराचे असे. त्यामुळे आपण सुरू केलेल्या प्रत्येक प्रोग्रामला तेच पूर्ण अधिकार मिळत. ईमेलमधून आलेली एखादी घातक फाइल उघडली, की तीही कोणाला न विचारता संगणकाची मालक होई. यावर उपाय म्हणून मायक्रोसॉफ्टने विंडोज व्हिस्टामध्ये ‘यूजर अकाउंट कंट्रोल’, थोडक्यात यूएसी, आणले. व्हिस्टा जानेवारी २००७ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी बाजारात आली. तिच्यातल्या चौकटी इतक्या वारंवार येत, की लोक वैतागले. म्हणून २००९ च्या विंडोज ७ मध्ये त्या कमी झाल्या आणि कधी विचारायचे हे ठरवण्यासाठी चार पायऱ्यांची पट्टी आली. ती विंडोज १० आणि ११ मध्येही आहे.

आत नेमके काय घडते?

आपण ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून लॉगिन करतो, तेव्हा विंडोज आपल्यासाठी दोन किल्ल्या तयार करते. एक साधी, एक मुख्य. ब्राउझर, वर्ड, गेम हे सगळे साध्या किल्लीवर चालतात. एखाद्या प्रोग्रामला विंडोजच्या फोल्डरमध्ये बदल करायचा असेल, ड्रायव्हर टाकायचा असेल किंवा सर्वांसाठी सॉफ्टवेअर बसवायचे असेल, तर मुख्य किल्ली लागते. ती द्यायची का, हेच ती चौकट विचारते.

‘येस’ म्हटले, की त्या प्रोग्रामला जवळजवळ सगळे करता येते. तो अँटीव्हायरस बंद करू शकतो, घरातल्या इतरांच्या खात्यातल्या फाइली वाचू शकतो, संगणक सुरू होताच गुपचूप चालणारे काहीतरी बसवू शकतो. पुन्हा विचारले जात नाही.

विचारताना स्क्रीन काळवंडते, तेही उगाच नाही. त्या क्षणी विंडोज इतर सर्व प्रोग्रामना बाजूला सारते, म्हणजे दुसऱ्या कोणत्या प्रोग्रामला आपल्या वतीने ‘येस’ दाबता येऊ नये.

चौकटीत काय वाचायचे?

पहिले, मी आत्ता काही बसवायला घेतले होते का? नसेल, तर उत्तर ‘नो’. दुसरे, प्रोग्रामचे नाव ओळखीचे आहे का? तिसरे, प्रकाशक कोण? चौकट निळी आणि ‘व्हेरिफाइड पब्लिशर’ असे लिहिलेले असेल, तर फाइलवर त्या कंपनीची डिजिटल सही आहे. चौकट पिवळी आणि ‘अननोन पब्लिशर’ असे असेल, तर ती फाइल कोणाची, हे विंडोजलाही ठाऊक नाही. सही असली म्हणजे प्रोग्राम चांगलाच, असे नाही. तो कोणाच्या नावाने आला, एवढेच कळते.

शंका असेल तर ‘नो’ म्हणा. त्याने संगणक बिघडत नाही. खरोखर गरज असेल, तर तेच काम पुन्हा सुरू करता येते.

सर्वात मोठा धोका फुकटच्या ‘क्रॅक’ सॉफ्टवेअरचा. ‘आधी अँटीव्हायरस बंद करा, मग येस दाबा’ अशी सूचना जिथे असते, तिथे मुख्य किल्ली अनोळखी माणसाच्या हातात आपणच देत असतो. मराठी टायपिंगसाठीही लोक कुठून कुठून सेटअप उतरवतात. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड मुळातच आहे. २०१९ पासून विंडोज १० मध्ये उच्चारानुसार टाइप करायचा मराठी फोनेटिक कीबोर्डही मिळतो. भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन तो सुरू करायचा, एवढेच.

खरा उपाय: दोन खाती

चौकट नीट वाचणे चांगलेच. पण घाईत, थकव्यात चूक होतेच. म्हणून रोजचे काम साध्या, म्हणजे ‘स्टँडर्ड’ खात्यावरून करावे आणि ॲडमिनिस्ट्रेटरचे खाते वेगळे ठेवावे. स्टँडर्ड खात्यात नुसत्या ‘येस’ने काम भागत नाही, ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागितला जातो. धाकट्या भावाने उतरवलेला गेम मग कोणाला तरी विचारूनच बसतो. शिवाय एका स्टँडर्ड खात्याला दुसऱ्या खात्याचे फोल्डर उघडता येत नाही.

हे करायला अर्धा तास पुरतो. क्रम मात्र पाळा.

१. सेटिंग्जमधील ‘अकाउंट्स’मध्ये जाऊन ‘अदर यूजर्स’ उघडा. विंडोज १० मध्ये त्याचे नाव ‘फॅमिली अँड अदर यूजर्स’ आहे. तिथे एक नवे खाते तयार करा.

२. ‘चेंज अकाउंट टाइप’ वापरून त्या नव्या खात्याला ॲडमिनिस्ट्रेटर करा आणि त्याला चांगला पासवर्ड द्या.

३. नव्या खात्यात एकदा लॉगिन करून ते चालते, याची खात्री करा. ही पायरी गाळू नका.

४. त्याच नव्या खात्यातून आपले जुने खाते ‘स्टँडर्ड’ करा. आपल्या फाइली जिथल्या तिथेच राहतात.

५. घरातल्या इतरांसाठीही वेगवेगळी स्टँडर्ड खाती करा. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड कागदावर लिहून घरच्या कागदपत्रांसोबत जपून ठेवा.

शेवटी स्टार्टमध्ये ‘यूएसी’ शोधून ती पट्टी पाहा. ती वरून दुसऱ्या पायरीवर किंवा सर्वात वर असावी. सर्वात खाली असेल, तर कोणीतरी पहारा उठवलेला आहे.

एवढ्याने सगळे सुरक्षित होते का?

नाही. आपल्या खात्यातल्या फाइली वाचायला किंवा बिघडवायला मुख्य किल्ली लागत नाही. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम साध्या खात्यातही आपले फोटो आणि दाखले निकामी करू शकतो. फोनवरून कोणी ‘बँकेतून बोलतोय’ म्हणत स्क्रीन दाखवायला लावणारे ॲप उघडायला सांगितले, तर तेही अनेकदा चौकटीशिवाय चालते. म्हणून महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या आणि प्रत घेतल्यावर ती काढून ठेवा. विंडोजचे अपडेटही चालू ठेवा. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. लॅपटॉप चालत असेल, तर ११ वर जाण्याचा विचार करा.

मित्रांनो, लोक आपल्याकडे दाखल्याची प्रत देतात, तेव्हा ती आपल्यावर विश्वास ठेवून देतात. त्या माणसाला यूएसी म्हणजे काय, हे ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. ती जबाबदारी प्रत घेणाऱ्याची आहे. येत्या रविवारी आधी आपल्या घरचा आणि मग अभ्यासिकेतला संगणक उघडा आणि ही दोन खाती करून टाका.