थरांमधील विराम आणि धातूतील ताण

धातूची वस्तू थरावर थर चढवून घडवण्याच्या एका पद्धतीत लेसरच्या झोतात धातूची भुकटी सोडून ती वितळवली जाते. हा रस थिजताना आकसू पाहतो, परंतु खालचा घट्ट थर त्याला अडवतो आणि त्यामुळे धातूत जो ताण कायमचा अडकून राहतो, त्याला अवशिष्ट ताण म्हणतात. याच ताणापायी खालची आधारपट्टी वाकते. प्रत्येक थरानंतर काही सेकंद यंत्र थांबवले, तर वस्तू थोडी निवते खरी, पण हा विराम लाभाचा ठरेल की नुकसानीचा, हे धातूवर अवलंबून असते आणि हीच या विषयातील खरी विलक्षण बाब आहे.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील संशोधकांच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हा विराम शून्यापासून ४० सेकंदांपर्यंत बदलून पाहिला असता, इन्कोनेल ६२५ या निकेलच्या मिश्रधातूत विराम वाढला तसे वाक आणि ताण दोन्ही घटले. याउलट, ६ टक्के ॲल्युमिनियम व ४ टक्के व्हॅनेडियम असलेल्या टायटॅनियमच्या मिश्रधातूत विराम कमी केल्यावरच ते घटले. याचे कारण असे की, हा मिश्रधातू निवताना त्याच्या स्फटिकांची बीटा रचना पालटून अल्फा होते, आणि न थांबता काम केल्यास वस्तू इतकी तापलेली राहते की या स्थित्यंतराबरोबर साचलेला ताण बराचसा विरून जातो. म्हणूनच एका धातूसाठी बसवलेले वेळापत्रक दुसऱ्याला जसेच्या तसे लावता येत नाही.