फोटो काढू का?

रविवारी पहाटे गळ्यात कॅमेरा अडकवून स्कूटर बाहेर काढली की शेजारच्या काकू हमखास विचारतात, “आज कुणाचं लग्न गं?” कॅमेरा म्हणजे लग्न किंवा मुंज, हे समीकरण आपल्या इंदूरच्या मराठी घरांत अजून पक्कं आहे. आठवडाभर मी विजयनगरच्या एका ऑफिसात कोड लिहिते. रविवार मात्र राजवाड्याच्या परिसरात जातो.

खुद्द राजवाड्याचे फोटो मी फारसे काढत नाही. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी, 1984 च्या दंगलीत जळून पुन्हा उभा राहिलेला. वास्तू देखणीच आहे, पण तिचा तोच तो फोटो गावातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये आहे. मला ओढ आहे ती समोरच्या माणसांची. त्यासाठी मी 35 एमएमची लेन्स वापरते. तिला झूम नाही. माणूस मोठा दिसायला हवा तर आपणच दोन पावलं पुढे जायचं, आणि इतकं जवळ गेल्यावर विचारावंच लागतं, “फोटो काढू का?”

फोटोवाल्या मित्रांचा याला विरोध असतो. विचारलं की मजा गेली, माणूस ताठ उभा राहतो, म्हणतात. राहतो खरा! केस सावरतो, शर्ट खाली ओढतो, आधार कार्डावरच्यासारखा चेहरा करतो. तोही एक फोटो काढायचा, त्याला दाखवायचा आणि तिथेच रेंगाळायचं. पाच मिनिटांत तो आपल्याला विसरून कामाला लागतो. मला हवा असलेला फोटो तेव्हा मिळतो. पोह्यांच्या गाडीवर तर उलटच झालं. सकाळचं ऊन पाठीमागून आलं की पोह्यांची वाफ फार सुंदर चमकते, म्हणून मी पातेल्यासमोर उकिडवी बसले होते. गाडीवाला म्हणाला, “दीदी, फोटो तो कल भी खिंच जाएगा, पोहा ठंडा हो जाएगा।” जिरावन भुरभुरलेली प्लेट त्याने हातातच दिली. मग कसला फोटो!

रात्रीचा सराफा वेगळा. सोन्याचांदीच्या दुकानांची शटर्स खाली आली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे कढया चढतात. हिवाळ्यात गराडू, एरवी भुट्ट्याचा कीस आणि जिलबी. पिवळ्या दिव्यांत सगळ्यांचे चेहरे काविळीसारखे येतात. घरी येऊन रंग सुधारत बसावं लागतं. तिथेच एका गाडीमागे एक बाई पातेली घासत होती. कपाळावर घाम, पाठीमागून दिवा, हाताला राख. असा प्रकाश महिन्यातून एकदा मिळतो. मी विचारलं. तिने हात थांबवले आणि हळूच म्हणाली, “मत लेना बेटा। बेटी के ससुराल में मालूम नहीं है कि मैं ये काम करती हूँ।” मी कॅमेऱ्याला झाकण लावलं. हल्ली एक फोटो अर्ध्या तासात कुठल्या कुठे पोचतो, हे त्या बाईला माझ्याइतकंच ठाऊक होतं. फोटो न विचारता काढावेत म्हणणाऱ्यांना मी हा प्रसंग सांगते.

जाता जाता एक सांगायला हवं. भारतातले एक थोर छायाचित्रकार, राजा दीनदयाळ, कॅमेऱ्याकडे वळले ते आपल्याच गावात. ते इथे सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला होते. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना आश्रय दिला. पुढे ते हैदराबादला निजामाचे छायाचित्रकार झाले. म्हणजे नोकरी सांभाळून हा नाद करायची इंदूरची परंपरा जुनी आहे, असं मी आईला सांगते. आई म्हणते, ते राजा झाले, तू आधी वेळेवर जेव.

गेल्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या आधी मी झांकी बनते तिथे गेले. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते: विसर्जनाच्या रात्री आपल्याकडे कापड गिरण्यांच्या कामगारांच्या रोषणाईच्या झांक्या निघतात, पुढे आखाडे लाठ्या-बनेट्या फिरवत चालतात आणि सगळं गाव रात्रभर रस्त्यावर असतं. गिरण्या केव्हाच बंद झाल्या. हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली. कामगारांची थकबाकी मिळायला 2023 चा डिसेंबर उजाडला, तोवर त्यांच्यातले कित्येक जण गेले होते. झांकी मात्र निघते.

शेडमध्ये सत्तरीतले एक काका चष्मा नाकावर ओढून बल्बच्या माळा तपासत होते. मी विचारायच्या आत तेच म्हणाले, “झांकी का फोटो तो सब लेते हैं। हमारा भी ले लो।” आणि त्यांनी हाका मारून सगळ्यांना गोळा केलं. कुणाच्या हातात पक्कड, कुणाच्या हातात रंगाचा डबा. एकाने घाईघाईने टोपी घातली. यावेळी “ताठ उभे राहू नका” असं मी अजिबात म्हटलं नाही. त्यांना ताठच उभं राहायचं होतं.

पुढच्या रविवारी बारा प्रिंट घेऊन गेले. काकांनी एक प्रिंट उलटी केली, खिशातलं पेन माझ्यापुढे धरलं आणि मागे तारीख व मिलचं नाव लिहायला लावलं. मग प्रत्येकाने आपापली पुढे केली. बाराच्या बारा लिहून झाल्यावर दोघं जण दारात उभे दिसले. फोटोच्या दिवशी ते चहा आणायला गेले होते. त्यांच्यासाठी सगळे पुन्हा रांगेत उभे राहिले.