सिम्पसन्सच्या घरामागची धांदल
निर्माते जेम्स ब्रुक्स यांनी व्यंगचित्रकार मॅट ग्रेनिंग यांना बोलावलं होतं ते त्यांच्या ‘लाइफ इन हेल’ या गाजलेल्या चित्रमालिकेसाठी. ग्रेनिंग सांगतात, की बाहेर ताटकळत बसलेलं असताना त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला: होकार दिला तर या पात्रांवरचे हक्क हातचे जाणार. मग तिथेच त्यांनी एक नवं कुटुंब कागदावर उतरवलं. नावं घरातलीच उचलली. वडील होमर, आई मार्ज, बहिणी लिसा आणि मॅगी. स्वतःच्या जागी तेवढा बार्ट आणून बसवला.

एप्रिल १९८७पासून हे कुटुंब ‘द ट्रेसी उलमन शो’मध्ये छोट्या फितींतून दिसू लागलं. पिवळा रंग ग्योर्गी पेलुस या रंगसंयोजिकेने निवडला. बार्ट, लिसा आणि मॅगीच्या डोक्यावर कपाळ कुठे संपतं नि केस कुठे सुरू होतात, हे दाखवणारी रेघच नाही. पिवळा रंग दोन्हींना खपून गेला.

अर्ध्या तासाची मालिका ठरली आणि खरी परीक्षा आली. पहिला भाग कोरियातून चित्रित होऊन आला, तो पाहून सगळ्यांचे चेहरे पडले. या घरात वस्तू खऱ्या जगातल्यासारख्या वागल्या पाहिजेत, असा ब्रुक्स यांचा आग्रह. इथे तर आपटलेलं दार रबरासारखं लवत होतं! दुसरा भागही असाच निघाला असता, तर मालिका तिथेच गुंडाळावी लागली असती. तो सुदैवाने बरा निघाला. पहिल्या भागाचं बहुतेक काम पुन्हा करावं लागलं, १९८९च्या शरदातलं प्रक्षेपण लांबलं आणि १७ डिसेंबरला मालिका सुरू झाली ती नाताळच्या भागाने. फसलेला तो पहिला भाग मे १९९०मध्ये, हंगामाच्या शेवटी दाखवला गेला.

लेखकांच्या खोलीत विनोदी मंडळी असणारच; पण इथे हार्वर्डचे गणितीही होते. अल जीन गणित शिकलेले, डेव्हिड कोहेन भौतिकशास्त्र. १९९८च्या एका भागात शोधक व्हायला निघालेला होमर फळ्यावर लिहितो, की ३९८७चा बारावा घात अधिक ४३६५चा बारावा घात म्हणजे ४४७२चा बारावा घात. फर्माच्या प्रमेयानुसार हे अशक्य, आणि ते प्रमेय तर अँड्र्यू वाइल्स यांनी नुकतंच सिद्ध केलेलं. पण साध्या दहा अंकी कॅल्क्युलेटरवर डाव्या बाजूचं बारावं मूळ काढा, उत्तर बरोबर ४४७२ येतं. अशी जवळजवळ जुळणारी संख्यात्रयी हुडकायला कोहेन यांनी खास संगणक प्रोग्रॅम लिहिला होता. पडद्यावर क्षणभर दिसणाऱ्या ओळीसाठी एवढी उठाठेव!

खोडी पकडायला मात्र शाळेतली युक्ती पुरते. ३९८७ आणि ४३६५ यांच्या अंकांची बेरीज २७ आणि १८, म्हणजे दोन्हींना ३ने भाग जातो. ४४७२च्या अंकांची बेरीज १७, तिला जात नाही. म्हणजे डाव्या बाजूला ३ने भाग जातो, उजव्या बाजूला नाही; दोन्ही सारख्या असूच शकत नाहीत.