कोविडनंतर नागीण का उठते, आणि तेव्हा काय करावं

दिल्लीत मलकागंजच्या चढावर, रिजच्या कडेला हिंदूराव रुग्णालय आहे. नाव आपल्याच मातीतलं आहे. कागलच्या घाटगे घराण्यातले, बायजाबाई शिंद्यांचे भाऊ हिंदूराव यांची कोठी इथे होती. 2020 च्या जूनमध्ये पालिकेचं हे मोठं रुग्णालय कोविडसाठी राखून ठेवलं गेलं. त्या दिवसांत इथलेच काय, कुठलेही लोक दुसऱ्या दुखण्यासाठी रुग्णालयाची पायरी चढायला घाबरत. दुखणं अंगावर काढायचं, असंच चाललं होतं. नागिणीच्या बाबतीत ते फार महागात पडतं.

आमच्या ओळखीचे एक काका चांदनी चौकात गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम करतात. मूळचे विट्याकडचे, वय साठीच्या पुढे. 2021 च्या मे महिन्यात ते कोविडातून उठले आणि तीन आठवड्यांनी त्यांच्या उजव्या बरगडीखाली आग होऊ लागली. घरच्यांना वाटलं, एवढ्या गोळ्या घेतल्यात, त्यांचीच उष्णता असणार. मग पुरळ आलं. शेजारीण म्हणाली, मकडी फिरली. काकूंनी ओळखलं, ही नागीण. त्यांनी गेरू उगाळून लावला. डॉक्टरांकडे जाईपर्यंत सहा दिवस गेले होते. पुढे वर्षभर काकांना सदऱ्याचं कापडसुद्धा त्या जागी सहन होत नव्हतं.

हे सगळं कसं घडतं, ते क्रमाने पाहू.

नागिणीचा विषाणू त्या वेळी बाहेरून येत नाही. लहानपणी आपल्याला कांजिण्या झालेल्या असतात, त्यांचाच तो विषाणू. कांजिण्या बऱ्या होतात, पण विषाणू शरीर सोडत नाही. पाठीच्या कण्यालगत मज्जातंतूंच्या (शरीरभर संवेदना वाहून नेणाऱ्या नसांच्या) छोट्या गाठी असतात. त्यांत तो चाळीस-पन्नास वर्षं निपचित पडून राहतो.

त्याच्यावर पहारा असतो टी-पेशींचा. रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी या पेशी विषाणू शिरलेल्या पेशी ओळखून नष्ट करतात. पन्नाशीनंतर हा पहारा आपोआप सैल होऊ लागतो. मधुमेह, कर्करोगावरचे उपचार, अवयवरोपणानंतरची औषधं यांनी तो आणखी ढिला पडतो.

कोविडचा संबंध इथे येतो. आजार जोराचा असला की रक्तातल्या टी-पेशी घटतात. त्या काळच्या रक्ताच्या रिपोर्टात लिम्फोसाइट कमी दाखवलेले आपल्याला आठवत असतील, त्यातच या पेशी येतात. शिवाय ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांना डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइडं द्यावी लागत होती. त्यांनी जीव वाचले, यात शंका नाही. पण स्टेरॉइड प्रतिकारशक्तीला दाबून ठेवतं. घरच्या घरी, गरज नसताना ती घेतलेल्यांनी तर विनाकारण धोका पत्करला.

धोका किती वाढतो? अमेरिकेत पन्नाशीपुढच्या सुमारे 20 लाख लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि 2022 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कोविड झालेल्यांत नागिणीचं प्रमाण 15 टक्क्यांनी जास्त होतं, रुग्णालयात दाखल झालेल्यांत 21 टक्क्यांनी. याचा अर्थ शंभरातल्या पंधरांना नागीण होते, असा नाही. जिथे एरवी शंभर जणांना झाली असती, तिथे एकशे पंधरांना झाली. ही पाहणी नागिणीची लस बनवणाऱ्या कंपनीने केली होती, हेही आपल्याला माहीत असावं. कोविडच्या लशीमुळे नागीण उठते का, याबद्दलचे निष्कर्ष मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. काहींत थोडी वाढ दिसली, काहींत अजिबात नाही.

आता लक्षणं. बहुतेकांची चूक इथेच होते, कारण पुरळ नंतर येतं आणि दुखणं आधी. दोन-तीन दिवस नुसती आग, ठणका किंवा मुंग्या. छातीत असेल तर हृदयाची शंका येते, कमरेत असेल तर मुतखड्याची. छातीतलं दुखणं आधी हृदयाच्या दृष्टीने तपासून घ्यावंच. पण दुखणं शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखं असेल तर रोज आरशासमोर उभं राहून ती जागा बघावी. लाल चट्ट्यावर पाण्याच्या फोडांचे झुबके दिसले की ओळखावं.

नागिणीचा विळखा पुरा होऊन तोंडाला शेपूट लागलं की माणूस जातो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ही भीती मनातून काढून टाकावी. प्रत्येक मज्जातंतूची हद्द शरीराच्या मध्यरेषेपाशी संपते, म्हणून पुरळही सहसा तिथेच थांबतं.

फोड दिसल्यापासून पहिले 72 तास मोलाचे. एवढ्या वेळात विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर त्यांचा उपयोग सर्वांत जास्त होतो. उशीर झाला तरी डॉक्टरांकडे जावंच. नवे फोड येत असतील तर ते तेव्हाही औषध देतात. असायक्लोव्हिर दिवसातून पाच वेळा घ्यावं लागतं, आणि लोक सवयीने सकाळ-दुपार-रात्र असं तीनदाच घेतात. तसं करू नये. मोबाइलवर पाच गजर लावावेत. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी सांगावं, मात्रा बदलते. नुसतं मलम चोळून भागत नाही. केमिस्टकडून विचारून आणलेलं, स्टेरॉइड मिसळलेलं मलम तर लावूच नये. गेरू, तांदळाचा लेप यांनी थंड वाटत असेल, पण फुटलेल्या फोडांत जंतू शिरतात आणि 72 तास तिथेच संपतात.

कपाळावर, डोळ्याभोवती किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावं. दृष्टी जाऊ शकते.

घरात कांजिण्या न झालेली मुलं, गर्भवती किंवा तान्हं बाळ असेल तर खपली धरेपर्यंत फोड कपड्याने झाकून ठेवावेत. फोडांतल्या पाण्यातून त्यांना नागीण होत नाही, कांजिण्या होऊ शकतात.

फोड सुकल्यावरही तीन महिन्यांपुढे ठणका राहिला तर तो मज्जातंतूला झालेल्या इजेचा असतो. काकांचा तसाच होता. त्यावर साध्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत, वेगळी औषधं असतात. सोसत बसू नये.

प्रतिबंधासाठी लस आहे. शिंग्रिक्स नावाची ही लस 2023 मध्ये भारतात आली. तिच्यात जिवंत विषाणू नसतो. दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने, दंडात. पन्नाशीपुढच्यांत चाचण्यांमध्ये तिने नव्वद टक्क्यांहून जास्त संरक्षण दिलं. सरकारी लसीकरणात ती नाही आणि एकेक डोस महाग आहे, हे मला खुपतं. गलाईच्या भट्टीवर राबणाऱ्या घराला हा खर्च सोपा नाही. दुसऱ्या दिवशी हात दुखणं, कणकण येणं हे होतं, त्याला घाबरून दुसरा डोस टाळू नये. उठलेल्या नागिणीवर हा उपचार नव्हे. कोविड किंवा नागीण झाली असेल तर बरं झाल्यावर, डॉक्टरांना विचारून लस घेता येते. नागीण पुन्हाही उठू शकते.

काकूंनी पहिला डोस घेतला आहे. दुसऱ्याची तारीख त्यांनी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लाल पेनने गोल करून ठेवली आहे, आणि खाली काकांचंही नाव लिहिलं आहे.