हंबनटोटा: बंदर कोणाचं, परवाना कोणाचा

सुएझकडून मलाक्काकडे जाणारी जहाजं श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्याला जवळजवळ खेटून जातात. या वर्दळीवर नजर ठेवूनच हंबनटोटा बंदर उभं राहिलं. इथे आधी जमीन खोल खणली आणि ऑगस्ट 2010 मध्ये त्या कोरड्या खड्ड्यात समुद्र सोडला. पहिल्या टप्प्यासाठी चीनच्या एक्झिम बँकेने 30.7 कोटी डॉलर दिले, व्याज 6.3 टक्के. नोव्हेंबरात थाटात उद्घाटन झालं. पण तोंडाशी खडक होता. तो फोडावा लागला.

कर्ज थकलं म्हणून चीनने बंदर हडपलं, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. हिशेब मांडला की ते टिकत नाही. 2017 साली चायना मर्चंट्स पोर्टने 99 वर्षांच्या करारासाठी 112 कोटी डॉलर मोजले आणि बंदर चालवणाऱ्या मुख्य कंपनीत 85 टक्के हिस्सा घेतला. हे पैसे एक्झिम बँकेच्या खात्यात वळते झालेच नाहीत. ते देशाच्या परकीय गंगाजळीत गेले, कारण श्रीलंकेच्या मानेवर मोठा बोजा आंतरराष्ट्रीय रोख्यांचा होता. बंदर हातचं गेलं, कर्ज मात्र सरकारी तिजोरीवर तसंच राहिलं. मला हा सौदा कर्जाच्या सापळ्याहूनही वाईट वाटतो. डॉलरची चणचण असलेल्याला घासाघीस करताच येत नाही.

धक्क्यावर मोठी लगबग असते ती गाड्यांची. रो-रो जहाजाचा अजस्र रॅम्प खाली टेकतो, चालक एकामागून एक गाड्या उतरवतात आणि यार्डात अगदी खेटून लावतात. मग दुसरं जहाज येऊन त्या पुढे नेतं. भारतात बनलेल्या गाड्याही अशाच इथून परदेशी जातात.

बंदराचा रोजचा कारभार असा व्यापारी, म्हणूनच युआन वांग 5 चं येणं इतकं खटकलं. उपग्रह आणि क्षेपणास्त्रांचा माग काढणारं हे चिनी जहाज. दिल्लीने चिंता कळवली, कोलंबोने आधी भेट पुढे ढकलायला सांगितलं, मग परवानगी दिली, आणि 16 ऑगस्ट 2022 रोजी ते धक्क्याला लागलं. देश तेव्हा दिवाळखोरीत होता, राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे महिन्यापूर्वीच देश सोडून गेले होते. धक्का चिनी कंपनीचा असला तरी परवाना सरकारचाच लागतो, आणि त्या सरकारला भारत आणि चीन दोघांकडूनही मदत हवी होती.

दोघांना सांभाळण्याची ही कसरत पुढेही चालू राहिली. जानेवारी 2024 पासून वर्षभर कोलंबोने परदेशी संशोधन जहाजांना बंदीच घातली. 2025 मध्ये कोलंबो बंदरात, चिनी टर्मिनल आधीच असताना, अदानींचा 51 टक्के हिस्सा असलेलं नवं टर्मिनल सुरू झालं. तिथे श्रीलंकेच्या बंदर प्राधिकरणाने 15 टक्के आपल्याकडे राखले आहेत.