खांद्याच्या टोकाचा अस्थिभंग : ओळख, उपचार व काळजी

एचएसआर लेआउटसारख्या वर्दळीच्या वसाहतीत दुचाकी घसरून किंवा जिन्यात पाय निसटून खांद्यावर पडण्याचे प्रसंग घडतात. अशा वेळी कॉलरबोनचे, म्हणजे गळ्याच्या हाडाचे, बाहेरील टोक किंवा खांद्यामागील फऱ्याच्या हाडाचे छपरासारखे पुढे आलेले टोक मोडू शकते. ही दोन्ही टोके खांद्याच्या माथ्यावर एकमेकांस जोडलेली असल्याने वेदना एकाच जागी जाणवते. म्हणून एक्स-रे आवश्यक आहे.

अपघातानंतर लगेच
• हात कोपरात वाकवून छातीशी धरावा व ओढणीची किंवा पंचाची झोळी बांधावी.
• बांगड्या व अंगठ्या काढाव्यात. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे ठेवावा.
• खांदा चोळू वा ओढू नये. एक्स-रेपूर्वी ‘पुत्तूर कट्टू’ किंवा हाडवैद्याकडील घट्ट बंधन घेऊ नये.

१०८ वर तत्काळ संपर्क साधावा
श्वास घेण्यास त्रास होणे, बोटे बधिर किंवा थंड पडणे, हाडाच्या टोकाने त्वचा ताणून पांढरी पडणे अथवा जखम होणे, ही धोक्याची लक्षणे होत. जयनगर येथील संजय गांधी इन्स्टिट्यूट ऑफ ट्रॉमा अँड ऑर्थोपेडिक्स या शासकीय संस्थेत अस्थिभंगावर उपचार होतात.

उपचार कसा ठरतो?
हाड जागेवर असल्यास साधारणतः ३ ते ६ आठवडे झोळी पुरेशी ठरते. कॉलरबोनला खाली धरून ठेवणारे अस्थिबंध तुटल्यास मात्र स्नायू एक तुकडा वर खेचतात आणि हाताच्या वजनाने दुसरा खाली उतरतो. फट राहून हाड न जुळण्याची शक्यता वाढते. म्हणून बहुधा प्लेट बसविण्याची शस्त्रक्रिया सुचविली जाते. आकडीची प्लेट बसविल्यास ती काही महिन्यांनी काढावी लागते. फऱ्याचे टोक बहुधा झोळीनेच जुळते. ते खाली दबल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो. वय, कामाचे स्वरूप व अन्य आजारही डॉक्टर विचारात घेतात.

घरी घ्यावयाची काळजी
• बोटे, मनगट व कोपर पहिल्या दिवसापासून हलवावे. खांद्याचे व्यायाम सांगितल्यावरच सुरू करावेत.
• सदरा घालताना दुखरा हात प्रथम घालावा, काढताना शेवटी काढावा.
• तंबाखू व धूम्रपान वर्ज्य करावे. त्यामुळे हाड जुळण्यास विलंब होतो.
• प्रथम जागेवर दिसलेले हाड नंतर सरकू शकते. दुखणे कमी झाले तरी फेरतपासणी चुकवू नये.
• वजन उचलणे व दुचाकी चालविणे डॉक्टरांच्या अनुमतीनंतरच सुरू करावे.